मुद्देमाल क्रमांक 4

3 मे 2025 रोजी तांबूस रंगाचा, दोन्ही कान मुळाशी कापलेला एक कुत्रा आमच्या घरी राहायला आला. आम्ही त्याला गेरू म्हणतो. न्यायालयाच्या दप्तरी मात्र तो आजही ‘मुद्देमाल क्रमांक 4’ आहे, कारण कुत्र्यांच्या झुंजी लावणाऱ्यांवरील ज्या खटल्यात तो जप्त झाला, तो खटला अजून चालू आहे. पोलीस ठाण्याची पायरी पहिल्यांदा चढल्यापासून त्याला घरी आणेपर्यंत 110 दिवस गेले. कोणत्या टेबलावर काय मागतात आणि कोणता कागद आधी न्यावा लागतो, हे समजावून सांगणारी माणसे मला भेटली नसती, तर मी दुसऱ्याच दिवशी माघार घेतली असती. म्हणून सगळे तारखांसह लिहून ठेवते आहे. खटला चालू असल्यामुळे गाव, ठाणे, संस्था आणि माणसे यांची नावे मुद्दाम गाळली आहेत.

रविवार, 12 जानेवारी रोजी संध्याकाळी शेजारचा, अकरावीत शिकणारा मुलगा आमच्याकडे आला आणि बराच वेळ काही न बोलता बसून राहिला. मग त्याने मोबाइल माझ्या हातात दिला. सकाळी तो थोरल्या चुलतभावासोबत गावाबाहेरच्या एका शेतातील पत्र्याच्या शेडमध्ये गेला होता. तिथे फळ्या ठोकून केलेल्या चौकटीत दोन कुत्री एकमेकांवर सोडली होती आणि भोवती तीस-चाळीस माणसे उभी होती. चित्रफीत दोन मिनिटांचीही नव्हती. तिच्यात कुत्र्यांचा आवाज जवळजवळ ऐकू येतच नव्हता. ओरडत होती ती माणसे, आणि त्या ओरडण्यातले आकडे लावलेल्या पैशांचे होते. मुलगा म्हणाला, “काकू, हरलेल्या कुत्र्याला बाहेर फेकलं ना, तेव्हा तो सरपटत परत मालकाच्याच पायाशी गेला. शेपूट हलवत होता.” एवढे सांगून तो रडू लागला. मी त्याच्या आईला बोलावून घेतले आणि त्या रात्री आम्ही तिघांनी एवढेच ठरवले, की तक्रार माझ्या नावाने होईल आणि त्याचे नाव कुठेही येणार नाही.

चित्रफीत कुणालाही पाठवू नये, कापू नये आणि तिच्यावर काही लिहू नये, हे मला सुदैवाने आधीच सुचले होते. मूळ फाइल ज्या मोबाइलमध्ये असते तो मोबाइल जपून ठेवावा लागतो, कारण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. समाजमाध्यमांवर ती पसरली असती, तर लोक चिडले असते हे खरे, पण शेड दुसऱ्या दिवशी रिकामी झाली असती आणि कुत्री कुठे गेली हे कुणालाच कळले नसते.

13 जानेवारीला दुपारची अर्धी रजा टाकून मी ठाण्यात गेले. ठाणे अंमलदारांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “मॅडम, हे अदखलपात्र आहे. एनसी लिहून घेतो.” प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम 1960 च्या कलम 11 मध्ये करमणुकीसाठी प्राण्यांना झुंजायला लावणे हा गुन्हा आहे, पण त्यासाठी पहिल्या वेळी होणारा दंड किमान 10 आणि कमाल 50 रुपये आहे. अदखलपात्र नोंद झाली की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. नोंदीची प्रत हातात घेऊन मी बाहेर आले तेव्हा चार वाजले होते, आणि ठाण्यासमोरच्या बाकावर बसून मी तो 50 हा आकडा पुन्हा पुन्हा वाचत राहिले. चित्रफितीतला एक माणूस त्याच्या दहापट रक्कम बोटांनी दाखवत होता.

त्या रात्री जिल्ह्यातील एका प्राणी कल्याण संस्थेच्या कार्यकर्तीशी फोनवर बोलणे झाले, आणि त्या अर्ध्या तासात जे समजले ते या लेखातले सर्वांत उपयोगाचे आहे असे मला वाटते. कलम 11(1) मध्ये दोन वेगवेगळे खंड आहेत. प्राण्यांना झुंजायला चिथावणे हे खंड (एम) मध्ये येते आणि ते अदखलपात्र आहे. झुंजीसाठी जागा चालवणे, जागा देणे, तिची व्यवस्था पाहणे किंवा आत सोडण्यासाठी पैसे घेणे हे खंड (एन) मध्ये येते, आणि त्याच कायद्याच्या कलम 31 नुसार खंड (एन) चा गुन्हा दखलपात्र आहे. प्रकरणातला एक जरी गुन्हा दखलपात्र असला तरी संपूर्ण प्रकरण दखलपात्र धरले जाते. त्या मुलाच्या चुलतभावाला आलेल्या संदेशात ‘आत यायचे 300’ असे स्पष्ट लिहिलेले होते. ठाण्यात मी सगळे बोलले होते ते कुत्र्यांच्या जखमांविषयी. तिकिटाच्या पैशांचा उल्लेखही केला नव्हता. शिवाय लोकांना प्रवेश असलेल्या जागी पक्षी किंवा प्राणी झुंजवणाऱ्यांना पकडण्याचा अधिकार महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक अधिनियम 1887 च्या कलम 12 ने पोलिसांना दिलेला आहे, हेही तिच्याकडूनच कळले.

15 जानेवारीला मी दोन पानी लेखी अर्ज घेऊन पुन्हा गेले. अर्जात भावना एका ओळीतही नव्हती. शेडचा गट क्रमांक, झुंजीचा वार आणि वेळ, प्रवेशाचे पैसे, संदेशाचे छायाचित्र, जागेचा वापर किती दिवसांपासून चालू आहे याविषयी ऐकलेली माहिती आणि कलम 11(1) खंड (एन) व कलम 31 यांचा उल्लेख, एवढेच होते. दुसऱ्या प्रतीवर तारीख आणि शिक्क्यासह पोच घेतली. ही पोच मिळेपर्यंत तिथून हलायचे नाही, असे मला बजावून सांगितलेले होते, आणि ती मिळायला पावणेदोन तास लागले. त्याच दिवशी एक प्रत पोलीस अधीक्षकांना नोंदणीकृत टपालाने पाठवली, कारण ठाण्यात नोंद झाली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे पुढची पायरी तीच आहे आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. दोन खेपांचा प्रवास, छायाप्रती आणि टपाल मिळून खर्च 340 रुपये झाला.

नंतरचे अठरा दिवस सर्वांत वाईट होते. 19 आणि 26 जानेवारी हे दोन रविवार मध्ये गेले. दोन्ही दिवशी सकाळी मी घड्याळाकडे पाहत होते आणि आत्ता तिथे काय चालले असेल याशिवाय दुसरा विचार मनात येत नव्हता. स्वतः जाऊन पाहावे असेही वाटले. कार्यकर्तीने फार कडक शब्दांत नको म्हणून सांगितले, आणि तिचे बरोबर होते: एखादा अनोळखी चेहरा शेडजवळ दिसला असता, तर सगळे हलवले गेले असते. अधीक्षक कार्यालयातून 29 तारखेला फोन आला, त्यांनी तीन प्रश्न विचारले आणि ठेवून दिला.

2 फेब्रुवारीच्या पहाटे पथकाने शेडवर छापा घातला. मला कळले ते साडेआठला, “ताई, सात कुत्री आहेत, हलवायला गाडी लागेल” एवढ्या निरोपातून. 3,500 रुपये भाड्याचा टेम्पो ठरवून मी दहाच्या सुमारास पोहोचले तेव्हा पंचनामा चालू होता. पंचनाम्यातली प्रत्येक वस्तू काय कामाची, हे सोबत आलेल्या पशुवैद्यकांनी मला एकेक करून समजावले, आणि त्या यादीतूनच मला झुंज म्हणजे काय हे खऱ्या अर्थाने कळले. वजनकाटा होता, कारण झुंजी वजन जुळवून लावतात आणि ठरलेल्या वजनावर आणण्यासाठी कुत्र्याला आधी उपाशी ठेवतात. मनगटाएवढ्या जाड साखळ्या होत्या, मानेचे स्नायू वाढावेत म्हणून दिवसभर गळ्यात ठेवलेल्या. धावपट्टीचे यंत्र होते, ज्यावर थकून पडेपर्यंत पळवले जाते. एक चपटी लाकडी पट्टी होती; मिटलेला जबडा उघडण्यासाठी ती दाढांच्या मागे घालून पिरगळतात. औषधांच्या रिकाम्या कुप्या, सुया आणि शिवणकामाचा साधा दोरा होता. जखमी कुत्रा दवाखान्यात नेला तर डॉक्टर प्रश्न विचारतील, म्हणून टाके तिथेच, भूल न देता घातले जात होते. एक वही होती. वहीत कुत्र्यांना नावे नव्हती, रंग आणि किलो होते.

सातपैकी एक मृत होते. एक कुत्री दवाखान्यात पोहोचल्यावर त्याच रात्री गेली. बाहेरून पाहिले तर तिच्या अंगावर फक्त बारीक छिद्रे दिसत होती, पण सुळे आत रुतवून झटके दिले जातात तेव्हा कातडी खालच्या स्नायूंपासून सुटते, आणि ती इजा केस भादरून, आत नळी घालून पाहिल्याशिवाय कळत नाही. रिंगणात जितकी कुत्री मरतात त्याहून कितीतरी अधिक अशा प्रकारे नंतर, रक्तस्रावाने, जंतुसंसर्गाने किंवा धक्क्याने, कुठल्यातरी कोपऱ्यात साखळीला बांधलेल्या स्थितीत मरतात, असे डॉक्टर म्हणाले.

उरलेल्या पाचांना सायंकाळपर्यंत कातडीखाली ओळख क्रमांकाच्या चिप बसवण्यात आल्या. 2017 सालच्या मुद्देमाल प्राण्यांची देखभाल व संगोपन याविषयीच्या नियमांप्रमाणे जप्त प्राण्याची तपासणी आणि ओळखखूण शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यातील अधिकाऱ्यांकडून करून घ्यावी लागते. चौथ्या चिपचा कुत्रा टेबलावर उचलून ठेवला तेव्हा त्याने विरोध केला नाही. त्याचे वजन 17.8 किलो भरले. चेहरा, गळा, छाती आणि पुढचे पाय यांवर 41 व्रण मोजले गेले. मागच्या भागावर जवळजवळ काहीच नव्हते. साखळी चावून चावून पुढचे दात हिरडीपर्यंत झिजले होते. सुई टोचून झाल्यावर डॉक्टरांनी सवयीने त्याच्या कपाळावर हात ठेवला, आणि त्याने शेपूट हलवली. मला तो मुलगा आठवला. या कुत्र्यांना पिढ्यान्‌पिढ्या अशा रीतीने निवडले जाते, की रिंगणात कितीही चवताळली तरी हाताळणाऱ्या माणसाला ती सहसा चावत नाहीत. माणसावरच्या या विश्वासावरच हा सगळा धंदा उभा आहे, आणि ते कळल्यापासून त्याच्याकडे पाहताना मला नेहमी थोडी शरम वाटते.

त्या दिवशी केलेली एक गोष्ट पुढे न्यायालयात फार कामी आली. कार्यकर्तीने डॉक्टरांना विनंती करून अहवालात प्रत्येक जखमेचे अंदाजे वय लिहून घेतले: काही दोन-तीन दिवसांच्या, काही महिन्याभराच्या, काही पूर्ण भरलेल्या. एकाच प्रकारच्या, एकाच जागी असलेल्या, पण वेगवेगळ्या काळातल्या जखमा हा रस्त्यावरच्या एखाद्या भांडणाचा परिणाम असू शकत नाही. नुसते ‘अनेक जखमा’ असे लिहिलेला अहवाल घेऊन कृपया कुणी दवाखान्यातून बाहेर पडू नये.

एफआयआरमध्ये कलम 11 चे खंड (एल), (एम), (एन), जुगार प्रतिबंधक अधिनियम आणि भारतीय न्याय संहितेचे कलम 325 लावण्यात आले. प्राण्याला ठार करणे किंवा निकामी करणे यासाठी या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खंड (एल) अवयव छाटण्याविषयीचा आहे. कापलेले कान त्यात आले. प्रतिस्पर्ध्याच्या दाताला पकड मिळू नये म्हणून ते कापलेले असतात.

पाचही कुत्री संस्थेच्या निवाऱ्यात गेली. रक्ततपासणीत तिघांना बबेसिया गिब्सोनी हा रक्तातील परजीवी निघाला. तो गोचिडीतून पसरतो, पण चाव्यावाटे एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तातही जातो, त्यामुळे झुंजीच्या कुत्र्यांत तो वारंवार आढळतो. चार नंबरचे हिमोग्लोबिन 6.2 होते. तपासणीचे 2,800 आणि दहा दिवसांच्या औषधांचे 6,400 रुपये मी भरले. पाचांपैकी एका म्हाताऱ्या कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी झाली होती, आणि 11 फेब्रुवारीला त्याला वेदनारहित मरण देण्यात आले. त्या वेळी मी तिथे होते. त्याविषयी याहून अधिक मला लिहिता येत नाही.

चार नंबरला आपण सांभाळावे, असे मी घरी पहिल्यांदा 14 फेब्रुवारीला बोलले. सासऱ्यांचा प्रश्न रास्त होता: “ज्याला मारायलाच शिकवलंय, तो घरात कसा राहील?” माझ्याकडे उत्तर नव्हते, म्हणून मी वाचायला बसले. एप्रिल 2007 मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात मायकल व्हिक या अमेरिकन फुटबॉलपटूच्या मालकीच्या जागेतून झुंजीची 51 कुत्री जप्त झाली होती. त्याआधी अशी कुत्री सरसकट मारून टाकली जात. या प्रकरणात मात्र न्यायालयाने प्रत्येक कुत्र्याची स्वतंत्र तपासणी करवून घेतली, त्यांच्यासाठी वेगळी विधिज्ञ नेमली आणि त्यांच्या देखभालीसाठी आरोपीकडून सुमारे 9 लाख 28 हजार डॉलर वसूल केले. 51 पैकी 47 कुत्री वाचली आणि त्यांतली कित्येक पुढे घरांमध्ये राहिली. मी हे सासऱ्यांना वाचून दाखवले. ते म्हणाले, “आधी मला त्याला बघू दे.” 23 फेब्रुवारीला ते निवाऱ्यात आले, जाळीबाहेर खुर्ची टाकून तासभर बसले आणि परतीच्या वाटेवर त्याला ऊन लागत असल्याची तक्रार करत राहिले.

ताब्याचा अर्ज हा या प्रक्रियेतला सर्वांत संथ भाग. जप्त कुत्रा कायद्याच्या दृष्टीने मालमत्ता असतो. जप्त मोटारसायकल आणि तो यांच्यासाठी कलमे तीच, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची 497 आणि 503. मोटारसायकल ठाण्याच्या आवारात वर्षभर उभी राहिली तर गंजते. कुत्र्याचे वर्षभर बारा फूट लांबीच्या पिंजऱ्यात काय होते, हे आपण सगळे जाणतो. म्हणून छाप्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच ताब्याच्या अर्जाची तयारी करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आम्ही सोळा दिवस उशीर केला, केवळ आधी दोषारोपपत्र यावे लागते या गैरसमजामुळे.

18 फेब्रुवारीला संस्थेने प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज दिला: चारही कुत्र्यांचा अंतरिम ताबा संस्थेकडे कायम ठेवावा आणि योग्य घरात ठेवण्याची मुभा द्यावी. 4 मार्चला सरकारी अभियोक्त्यांचे म्हणणे आले नव्हते, पुढची तारीख मिळाली. 25 मार्चला आरोपींपैकी एकाने चार नंबर हा आपला राखणीचा कुत्रा असून तो परत मिळावा, असा अर्ज केला. ते ऐकताना माझे हात थरथरत होते. परत, म्हणजे त्याच साखळीला. 15 एप्रिलला दोन्ही अर्जांवर युक्तिवाद झाला. आमच्या वकिलांनी 2017 चे नियम, डॉक्टरांचा जखमांच्या वयाचा अहवाल आणि सर्वोच्च न्यायालयाचा 7 मे 2014 चा जलिकट्टूविषयीचा निकाल मांडला. त्या निकालात भूक-तहान, अस्वस्थता, वेदना व आजार, भीती व यातना यांपासून मुक्ती आणि नैसर्गिक वर्तनाची मोकळीक ही पाच स्वातंत्र्ये प्राण्यांच्या बाबतीत मान्य केली आहेत. राखणीच्या कुत्र्याचे लसीकरणाचे एकही कार्ड का नाही, या दंडाधिकाऱ्यांच्या प्रश्नाला समोरून उत्तर आले नाही.

याच काळात आणखी एक घड्याळ चालू होते. कलम 36 प्रमाणे प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमाखालील खटला गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. आमच्या बाबतीत, छाप्याच्या दिवसापासून मोजता, ती मुदत मे महिन्याच्या सुरुवातीला संपत होती. तपास अधिकारी वाईट नव्हते, त्यांच्या टेबलावर चोरीची आणि मारामारीची चाळीस प्रकरणे होती. पण दर आठवड्याला ठाण्यात जाऊन ‘साहेब, मुदत’ एवढे दोन शब्द आठवण करून देणारे कुणीतरी लागते. मी आणि कार्यकर्ती आळीपाळीने गेलो. 24 एप्रिलला दोषारोपपत्र दाखल झाले.

29 एप्रिलला आदेश झाला. आरोपीचा अर्ज फेटाळला, ताबा संस्थेकडे राहिला, आणि चार नंबर माझ्या घरी ठेवण्यास परवानगी मिळाली. अटी चार होत्या: 30,000 रुपयांचे बंधपत्र आणि एक जामीनदार, कुत्रा जिल्ह्याबाहेर न नेणे, बोलावल्यास न्यायालयात हजर करणे, आणि दर तीन महिन्यांनी छायाचित्रांसह पशुवैद्यकाचा अहवाल. जामीनदार म्हणून दीर उभे राहिले. त्यांची वेतनचिठ्ठी, आधार आणि पत्त्याचा पुरावा मूळ प्रतींसह न्यावा लागला, आणि पत्त्यातील एका अक्षराच्या फरकामुळे एक पूर्ण दिवस वाया गेला. वकिलांचे 7,000, मुद्रांक, नोटरी आणि छायाप्रतींचे 1,150 रुपये झाले. सगळे उन्हाळी सुट्टी लागण्याआधी आटोपले हे नशीब, नाहीतर जून उजाडला असता.

घरी आल्यावरचे पहिले तीन आठवडे आम्ही त्याच्याकडून कसलीच अपेक्षा ठेवली नाही. एक खोली, एक अंथरूण, ठरलेल्या वेळी जेवण आणि ठरलेल्या वेळी बाहेर, एवढेच. पहिले पाच दिवस तो कोपऱ्याकडे तोंड करून झोपला. टीव्हीवर क्रिकेटचा सामना लागला आणि गर्दीचा गलका सुरू झाला, की तो उठून उभा राहायचा, अंग ताठ व्हायचे आणि तोंडाला फेस यायचा. आम्ही तो आवाज मोबाइलवर अगदी बारीक लावून, सोबत उकडलेल्या अंड्याचे तुकडे देत, रोज किंचित वाढवत नेला. ऑगस्टमध्ये तो त्या आवाजात झोपून राहिला.

माणसांशी तो पहिल्या दिवसापासून मऊ आहे. इतर कुत्र्यांशी नाही, आणि बहुधा कधीच होणार नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. आमच्याकडे दोन दारांचा नियम आहे: एक दार बंद झाल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही. बाहेर जाताना जाळीचे मुसके असते, ज्यात त्याला तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येते. कापडी पट्टीचे मुसके उन्हात धोक्याचे असते. मुसके घालायला शिकवण्यात सोळा दिवस गेले, आणि ते घाईने चढवले असते तर सगळेच बिघडले असते. फिरायला आम्ही पहाटे पाचला निघतो. समोरून कुत्रे आले तर वळून दुसऱ्या गल्लीत जातो, आणि तो माझ्याकडे पाहतो तेव्हा त्याला खाऊ मिळतो. सुरुवातीला शंभर पावलांवरचे कुत्रेही त्याला सहन होत नव्हते. आता तीस पावलांवरचे चालते.

शेजारच्यांची भीती मी समजू शकते. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने 23 जातींच्या कुत्र्यांवर बंदी घालण्यास सांगणारे परिपत्रक राज्यांना पाठवले होते, त्याची प्रत एका गृहस्थांनी माझ्या हातात दिली. पुढच्याच महिन्यात कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते परिपत्रक रद्द केले, हे मी त्यांना दाखवले. पण खरा उपयोग झाला तो लसीकरणाचे कार्ड, नगरपालिकेचा परवाना, निर्बीजीकरणाचे प्रमाणपत्र आणि न्यायालयाचा आदेश एका फाइलमध्ये घालून घरोघरी स्वतः नेल्याचा. जातींवर बंदी आणून झुंजी थांबतील असे मला वाटत नाही. शेडमधली तीन कुत्री कोणत्याही यादीत न बसणारी, साधी गावठी होती. ती सरावासाठी ठेवलेली होती. सराव म्हणजे काय, हे मी पंचनाम्याच्या दिवशी विचारले आणि विचारल्याचा पश्चात्ताप झाला.

उरलेल्या तिघांपैकी एक कुत्री जुलैमध्ये दुसऱ्या घरी गेली. दोघे अजून निवाऱ्यात आहेत. त्यांच्यासाठी इतर कुत्री नसलेले, सबुरीचे घर हवे आहे; ज्यांना ते शक्य नाही त्यांनी आपल्या जिल्ह्यातील निवाऱ्यात मुद्देमालाची कुत्री आहेत का एवढे विचारले आणि एखाद्याच्या औषधांचा भार उचलला, तरी पिंजऱ्यातले दिवस सोपे होतात. तो शेजारचा मुलगा दर रविवारी सकाळी गेरूला भेटायला येतो. वेळ त्यानेच निवडली आहे.

खटल्याची पुढची तारीख 18 नोव्हेंबर आहे. साक्षीपुरावा अजून सुरू झालेला नाही. न्यायालयात द्यायचा दुसरा तिमाही अहवाल काल डॉक्टरांकडून आणला. त्यात चिपचा क्रमांक ताडून पाहिल्याची नोंद आहे, वजन 24.6 किलो लिहिलेले आहे, आणि ‘मुद्देमालाची स्थिती’ या रकान्यात डॉक्टरांनी ‘खेळतो’ असे लिहिले आहे. न्यायालयातील लिपिकांना तो शब्द चालेल का, हे मी उद्या फोन करून विचारणार आहे.